लाटेच्या अलीकडचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

समुद्राचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गलबतं येतात, आरमारं येतात, तोफा आणि जलदुर्ग येतात. कोकणात राहणाऱ्या माणसाला तर सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्याखेरीज समुद्राला इतिहास आहे हे कुणी शिकवतच नाही. मला आज ज्या समुद्राबद्दल बोलायचं आहे तो फार खोल नाही. माणसाच्या घोट्यापासून कमरेपर्यंत येणारा तो समुद्र आहे. लाट फुटते, तिचा फेस वाळूवर चढतो आणि परत जातो, तेवढाच पट्टा. त्या पट्ट्यात उभं राहून, होडी नसताना, जाळं नसताना, एक दोरी आणि एक गरी घेऊन मासे धरणारा माणूस इतिहासाच्या पुस्तकात मला कधी भेटला नाही. पण लहानपणी तो मला घरातच भेटला होता. ते माझे मामू होते.

माझं आजोळ रत्नागिरीच्या राजिवड्याचं. भाट्याच्या खाडीच्या काठावर, थिबा राजवाड्याच्या टेकडीवरून खाली पाहिलं की जी दाटीवाटीची वस्ती दिसते, ती. तिथले बहुतेक लोक दालदी, म्हणजे मासेमारी करणारे कोकणी मुसलमान. शाळेला सुट्टी लागली की आई मला आजोळी पाठवून द्यायची. घरात मोठे मामू होते, ते होडीवर जायचे. धाकटे मामू मात्र होडीवर फारसे रमत नसत. त्यांना गरवायला आवडायचं. आमच्याकडे गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात आणि गळाला गरी. होडीवरची माणसं त्यांची थोडी थट्टा करायची. गरीवर घर चालत नाही, असं म्हणायची. ते खरंही होतं.

१९८३ सालची दिवाळीची सुट्टी. मी बारा-तेरा वर्षांचा. त्या दिवशी सकाळी मामूंनी विचारलं, "बाबू, आज चांद कितवा?" मी म्हटलं, "चौथा." ते म्हणाले, "म्हणजे पंचमी. पाच पाऊण पावणेचार. जोहर झाली की निघू."

मला काहीच कळलं नाही. मग खाडी ओलांडताना होडीत त्यांनी हिशेब समजावून दिला. अमावास्येला आणि पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती पुरी होते. मग रोज ती पाऊण तासानं पुढे सरकते. म्हणून तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला. जागेप्रमाणे थोडं मागं-पुढं होतं, पण कोकणच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या जुन्या माणसांचा हिशेब हाच. आमची अडचण एवढीच की आमचा महिना अमावास्येला नव्हे, तर चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो. म्हणून आमच्या तारखेत एक मिळवायचा, कधी दोन, की तिथी येते. मामू चौथी शिकलेले. पण पाऊणकी, निमकी, सवायकी त्यांना तोंडपाठ. आम्हा मुलांना तोवर शाळेतून पाऊणकी गेलेली होती. दोन धर्मांची दोन पंचांगं एका पाढ्यानं जोडून माझे मामू समुद्राची वेळ काढत होते. पुढे मी कविता लिहू लागलो, पण इतकी नेमकी ओळ मला अजून साधलेली नाही.

भाट्याची पुळण लांबलचक आहे. मागे सुरूचं बन, पुढे उघडा समुद्र, एका टोकाला काजळी नदीचं मुख. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. मामूंनी लगेच दोरी टाकली नाही. ते नुसते उभे राहून लाटा बघत होते. मग त्यांनी मला दाखवलं. दूरवर एका जागी लाट फुटते, तिथे पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो. तिथून पुढे ती पुन्हा शांत होते आणि किनाऱ्याला येऊन दुसऱ्यांदा फुटते. मधल्या त्या शांत पट्ट्यात पाणी खोल असतं. त्याला मामू पन्हळ म्हणायचे. भरतीबरोबर मासे त्या पन्हळीत शिरतात, कारण लाटेनं वाळू उकरली जाते आणि तिच्यातले किडे, बारीक खेकडे उघडे पडतात. गरी टाकायची ती त्या पन्हळीत. लाटेच्या पलीकडे टाकायची ताकद आपल्यात नाही आणि गरजही नाही.

त्यांचं सामान एका पत्र्याच्या डब्यात मावायचं. लाकडी फळीवर गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी. टोकाला घरीच वितळवून केलेलं शिशाचं वजन. त्याच्या वर दोन गऱ्या. एका कागदात बारीक कोळंबी, आमिषासाठी. काठी नाही, चक्र नाही. शिसं डोक्याभोवती दोन वेळा फिरवायचं आणि सोडून द्यायचं. मग दोरी तर्जनीवर टेकवून उभं राहायचं. लाटेचा ओढा कोणता आणि माशाचा ठोका कोणता, हे बोटाला कळलं पाहिजे. पहिला तासभर मला प्रत्येक लाट म्हणजे मासा वाटत होती.

त्या दुपारी आम्हाला नऊ मुडदुशी मिळाल्या. मुडदुशी हा वाळूच्या रंगाचा, वीतभर लांबीचा, निमुळत्या तोंडाचा मासा. घाबरला की वाळूत शिरून बसतो. त्याचं तोंड लहान, म्हणून गरीही लहान लागते. मांस गोड, काटे सुटसुटीत. आजारी माणसाला आणि बाळंतिणीला द्यायचा मासा. एक पालूही मिळाला. आणि शेवटी एक शिंगाळा आला. त्या शिंगाळ्याकडे मी नंतर येणार आहे, कारण आज बोलायला बसलो आहे तो त्याच्यामुळेच.

पुढे मी बी.ए. केलं. इतिहास हा विषय होता. पाठ्यपुस्तकातल्या राजांच्या याद्या पाठ करताना मला राहून राहून वाटायचं, या सगळ्या काळात कुणीतरी भाट्याच्या पुळणीवर दोरी धरून उभा असेलच की. तो कुठे आहे? तेव्हापासून जमेल तसं, जमेल तिथे मी त्याला शोधत आलो. थोडाफार सापडला.

सगळ्यात आधी सापडली ती गरीच. गुजरातेत खंबातच्या आखाताजवळ लोथल इथे हडप्पा काळातलं गाव उत्खननात मिळालं. तिथे तांब्याचे गळ सापडले आहेत. साडेचार हजार वर्षांमागची ती वस्तू आणि मामूंच्या डब्यातली गरी शेजारी ठेवली तर कुणालाही नातं ओळखता येईल. होडी बदलली, शीड गेलं, इंजिन आलं, जाळ्याचा धागा बदलला. गरीचा बाक बदललेला नाही.

मग सापडला कौटिल्य. अर्थशास्त्रात नावाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. नद्यांवरची, समुद्राच्या मुखावरची ये-जा त्याच्या ताब्यात. मच्छीमारांनी आपल्या पकडीचा सहावा हिस्सा राजाला द्यावा, असं तिथे सांगितलं आहे. सहावा हिस्सा म्हणजे शेतकऱ्याच्या साऱ्याएवढाच. वाचताना मला हसू आलं. कमरेएवढ्या पाण्यातून एक मुडदुशी घेऊन घरी निघालेल्या माणसाकडून सहावा हिस्सा कसा वसूल करणार? कदाचित म्हणूनच तो कागदावर आला नाही. सरकारच्या दप्तरात माणूस येतो तो कर देताना नाही तर गुन्हा करताना. दोन्ही न करणारा माणूस इतिहासातून सुटून जातो.

त्यानंतर अशोक. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, कोणते प्राणी मारू नयेत याची यादी आहे. तिच्यातच चातुर्मासाच्या पौर्णिमांना आणि आणखी काही ठरावीक दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, असं बजावलं आहे. त्यामागे धर्मभाव होता हे उघड आहे. पण चंद्राचे दिवस मोजून समुद्राला आणि नदीला सुट्टी द्यायची ही कल्पना आपल्या देशात इतकी जुनी आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर काढायच्या नाहीत ही रीत त्याच जातीची. आमच्या राजिवड्यातही ती पाळली जायची. नारळ कुणीही वाहो, पावसाळी दर्या सगळ्यांना सारखाच.

मात्र ज्या ग्रंथानं मला खरा धक्का दिला तो मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ, साधारण ११३० च्या सुमाराचा. राजानं काय काय जाणावं याचा तो कोशच आहे. त्यात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. गळ कसा असावा, दोरी कशाची, काठी कोणती, कोणत्या माशाला कोणतं खाद्य आवडतं, असं सगळं त्यात तपशिलानं आहे. समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले प्रसिद्ध मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या भागावर लेख लिहून शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे वेधलं.

मराठीच्या विद्यार्थ्याला मानसोल्लास दुसऱ्याच कारणासाठी माहीत असतो. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. आपल्या ओवीचा हा फार जुना पुरावा मानला जातो. म्हणजे पाहा, मला ज्या दोन गोष्टींनी वाढवलं, गरी आणि ओवी, त्या दोन्ही एकाच राजाच्या एकाच पुस्तकात आहेत. फरक इतकाच की राजासाठी मासे धरणं हा विनोद होता, करमणूक होती. त्याला गळाची माहिती कुणीतरी दिली असणार. खाद्य कोणतं, ठोका कसा ओळखायचा, हे राजाला शिकवणारा माणूस पाण्यात उभा असणार. त्याचं नाव ग्रंथात नाही. ज्या बाईच्या ओवीचा उल्लेख आहे तिचंही नाही.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी मात्र सगळं मोजायला घेतलं. फ्रान्सिस डे नावाचे लष्करी डॉक्टर भारतातल्या मत्स्यव्यवसायाचे पहिले मोठे तपासनीस झाले. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या सागरी माशांवरचा त्यांचा अहवाल १८७३ सालचा. त्यानंतर १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड निघाला, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. माझ्या शहराच्या वाचनालयात तो मी पहिल्यांदा उघडला तेव्हा छाती धडधडत होती. त्यात माशांची नावं आहेत, बंदरं आहेत, आयात-निर्यात आहे. दालदींवर मोजक्या ओळी आहेत. आपल्या माणसांबद्दल परक्यानं लिहिलेल्या मोजक्या ओळी वाचताना काय वाटतं ते सांगणं कठीण आहे. राग येत नाही. आनंदही होत नाही. जनगणनेच्या रांगेत आपला आजोबा उभा असलेला दिसावा, तसं काहीसं होतं.

पण त्या काळातली खरी गोष्ट गॅझेटिअरमधल्या माशांच्या नावांत नाही. ती मिठात आहे. बर्फाची सोय नव्हती तेव्हा मासळी टिकवायची ती मीठ लावून. आणि मिठावर सरकारचा कर. ज्या समुद्रातून मासा फुकट मिळतो त्याच समुद्राचं मीठ विकत घ्यायचं, तेही करासकट. मासळी स्वस्त आणि तिला लावायचं मीठ महाग, असा उलटा कारभार. डे यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्याही तो ध्यानात आला होता. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मद्रास आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर सरकारनं कुंपण घातलेली खारवणीची आवारं काढली. त्या आवारात मासळी आणली तर तिला स्वस्त मीठ मिळायचं. आवाराबाहेर त्यातलं चिमूटभरही न्यायला बंदी. १२ मे १९३० ला शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा शिरोडं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. आपण तो सत्याग्रह स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून शिकतो आणि ते बरोबरच आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात आणखी एक अर्थ दिसला असेल. समुद्राच्या कडेला जे आपोआप मिळतं त्यावर मालकी कुणाची, हा तो प्रश्न होता.

हाच प्रश्न पुढे माशांच्या बाबतीत आला.

गरी हे एकट्याचं साधन. पुळणीवरचं सगळ्यांचं साधन म्हणजे रांपण. मालवण, वेंगुर्ले, शिरोडे आणि गोव्याचा किनारा हा तिचा मुलूख. होडीतून भलं मोठं जाळं अर्धवर्तुळात सोडत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढायचं. चाळीस-पन्नास माणसं, कधी त्याहून जास्त. बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा सापडला की पुळण चांदीसारखी चमकायची. वाटे ठरलेले असायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. दोराला हात लावला त्याला काही ना काही मिळायचं. मी शिरोड्याला एका म्हातारीला पाहिलं आहे. तिच्यात दोर ओढण्याचं बळ उरलं नव्हतं, ती नुसता हात टेकवून चालत होती. तिच्या टोपलीतही मूठभर बांगडे पडले. ते देणाऱ्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकं ते सवयीचं होतं.

गरी काय आणि रांपण काय, दोन्हीत एक गोष्ट समान आहे. मासा किनाऱ्याजवळ येईल तेव्हाच तो मिळणार. माणूस त्याच्या मागे धावत नाही. समुद्र जे दारात आणून देईल ते घ्यायचं. हजारो वर्षं माणसाची हाव कमी होती असं मी म्हणणार नाही. हाव तेवढीच असेल. पण हात लाटेपर्यंतच पोचत होता.

तो हात लांब झाला स्वातंत्र्यानंतर. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. मच्छीमाराला इंजिन मिळावं, बर्फ मिळावा, त्याच्या मुलांना दवाखाना मिळावा. पुढे कोळंबीला परदेशात भाव आला आणि समुद्राचा तळ खरवडत जाणारे ट्रॉलर सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. गंमत अशी की मामूंच्या डब्यातल्या बारीक गऱ्याही नॉर्वेच्याच होत्या, मस्टॅड कंपनीच्या. एकाच देशातून आमच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी आल्या. एक चिमटीत मावणारी आणि एक बंदरात न मावणारी.

गोव्यात रांपणकारांनी सत्तरच्या दशकात याविरुद्ध आवाज उठवला. मातान्ही साल्ढाणा नावाचे शिक्षक त्यांच्या पुढे होते. पुढे ते आमदार आणि मंत्रीही झाले. २०१२ साली ते वारले. रांपणकारांची मागणी साधी होती. किनाऱ्याजवळचं पाणी आम्हाला ठेवा, तुम्ही खोल जा. त्या आणि केरळातल्या संघर्षांतून कायदे आले. गोव्याचा आणि केरळचा १९८०चा, आपल्या महाराष्ट्राचा १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी लहान माणसासाठी राखायचं, हे तत्त्व त्यात आलं. अशोकाच्या स्तंभानंतर, आणि सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्याला बंदी घालणाऱ्या १८९७ च्या कायद्यानंतर, समुद्रात थांबायचं कुठे हे पुन्हा एकदा लिहावं लागलं.

आता मी त्या दुपारच्या शिंगाळ्याकडे येतो.

भरती पुरी होत आली होती. मामू दोरी गुंडाळत होते आणि ती एकाएकी जड झाली. ओढून काढला तर हातभर शिंगाळा. गरी त्याच्या तोंडात नव्हती. कल्ल्याच्या मागे बाहेरून अडकली होती. मी आनंदानं ओरडलो. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, म्हणून मामूंनी मला लांब उभं केलं, पायानं त्याला वाळूत दाबलं आणि त्याचा जबडा उघडला. आत गोट्यांएवढी पिवळसर अंडी होती, तोंडभर. मी म्हटलं, "मामू, त्यानं दुसऱ्याची अंडी खाल्ली." ते म्हणाले, "नाही रे बाबू. त्याचीच आहेत. हा बाप आहे. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंडात सांभाळतो. तोवर काही खात नाही. म्हणून तर गरी तोंडात नाही."

त्यांनी गरी सोडवली. दोन अंडी वाळूत पडली होती, ती उचलून पुन्हा त्याच्या तोंडात घातली. ती टिकणार नाहीत हे त्यांनाही माहीत असेल. मग कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी तो सोडून दिला. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा मासा. परत येऊन हात धुतले, असरची नमाज तिथेच वाळूवर पढली आणि आम्ही होडीकडे चालू लागलो. मी रुसलो होतो. त्यांनी मला समजावलं नाही. एवढंच म्हणाले, "बापाला न्यायचं नसतं."

खूप वर्षांनी मत्स्य महाविद्यालयातल्या एका प्राध्यापक मित्राशी बोलताना मला कळलं की मामू म्हणाले ते अक्षरशः खरं आहे. शिंगाळ्याच्या जातीत नर कित्येक आठवडे अंडी तोंडात सांभाळतो आणि त्या काळात उपाशी राहतो. आणि त्याच मित्रानं दुसरी गोष्ट सांगितली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. संपूर्ण थवा वेढून खालून पिशवीसारखी आवळणारी ही जाळी. त्यांत तोंडात अंडी असलेले शिंगाळ्याचे नर थव्यांनी सापडले, टनांनी किनाऱ्यावर आले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच वेळी त्याची नोंद केली, धोक्याचा इशाराही दिला. पुढे तिथली शिंगाळ्याची मासेमारी कोसळली. म्हणजे भाट्याच्या पुळणीवर माझे मामू एका बापाला परत पाण्यात सोडत होते त्याच काळात, त्याच समुद्रात, थोडं दक्षिणेला, असे हजारो बाप एका ओढीत वर येत होते.

इथे थांबलो असतो तर भाषण सोपं झालं असतं. मामू चांगले आणि जाळीवाले वाईट. पण मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे.

१९८६ साली माझ्या मोठ्या मामूंनी कर्ज काढून एका ट्रॉलरमध्ये भागी घेतली. राजिवड्याच्या अनेक घरांनी तेव्हा तेच केलं. घर पक्कं झालं. आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. माझे अब्बा तोवर वारले होते आणि माझ्या कॉलेजची तीन वर्षांची फी, पुस्तकं, खोलीचं भाडं मोठ्या मामूंनी दिलं. ज्या बी.ए.मुळे मी अशोक आणि सोमेश्वर वाचला, ती बी.ए. ट्रॉलरच्या पैशातून झाली. धाकट्या मामूंच्या मुडदुशीतून ती झाली नसती. धाकट्या मामूंचा मुलगाही पुढे पर्ससीनच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. मामूंनी त्याला अडवलं नाही. गरीवर घर चालत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

म्हणून रत्नागिरीत पारंपरिक आणि यांत्रिक मच्छीमारांचा वाद पेटतो तेव्हा माझ्याकडून कविता मागितली गेली तर मला लिहिता येत नाही. दोन्हीकडे माझीच माणसं आहेत. ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारनं पर्ससीनवर कडक बंधनं घातली. २०१७ साली केंद्रानं एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करण्यावर बंदी घातली. एका घरात समाधान झालं, शेजारच्या घरात हप्ता थकला. कायदे हवेतच. ते पाळले जायला हवेत. पण कायदा सांगतो ते मोठ्या बोटीवरच्या खलाशाला कळत नाही असं नाही. तोही कुठल्यातरी मामूंचा भाचा असतो. तांडेल सांगेल तिथे त्याला जाळं टाकावं लागतं. माझ्या मामूंना शिंगाळा सोडून देता आला, कारण तो त्यांच्या एकट्याच्या हातात होता आणि त्यांच्यावर कुणाचा हप्ता नव्हता. जाळं जितकं मोठं, तितकं सोडून देणं कुणाच्याच हातात राहत नाही. साडेचार हजार वर्षांचा इतिहास शोधून मला एवढंच सापडलं.

धाकटे मामू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा नातू, खलाशी झालेल्या त्या मुलाचा मुलगा, माझ्याकडे आला. नववीत आहे. म्हणाला, "दादा, आजोबा गरवायचे तिथे घेऊन चला." आम्ही भाट्यावर गेलो. भरतीची वेळ त्यानं मोबाइलवर पाहिली. मी मनात पाऊणकी केली. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक पडला. त्याची वेळ बरोबर निघाली.

पन्हळ कुठे आहे ते मी त्याला दाखवलं. दोरी फेकताना माझा खांदा दुखला. दोन-तीन वेळा गरीला पिशव्यांचे तुकडे आले. संध्याकाळपर्यंत चार मुडदुशी मिळाल्या, त्यातली एक बोटाएवढी. ती त्यानं डब्यात टाकली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं मी त्याला शिंगाळ्याची गोष्ट सांगितली, आता तुम्हाला सांगितली तशीच. तो ऐकत होता. मग तो उठला, डब्यातून ती बोटाएवढी मुडदुशी काढली आणि पाण्याकडे गेला. ती तोवर मेली होती. त्यानं ती तरीही पाण्यात सोडली आणि लाट तिला घेऊन जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

परत येताना त्यानं मला विचारलं, "पाऊणकी म्हणजे काय हो?" पूल ओलांडून राजिवड्यात शिरेपर्यंत आमचं पाच पाऊण पावणेचारपर्यंत पाठांतर झालं होतं.